वसुलीची साळा

निपाणीत भरमाची एक बढाई सगळ्यांच्या कानावरून गेलेली होती. "मी शिवी देत न्हाय, हात उचलत न्हाय," तो म्हणायचा. "मी नुसता जाऊन बसतो. बाकीचं समोरचा माणूस आपल्या आपण करतो."

आणि ते खोटं नव्हतं. भरमा आधी तंबाखूच्या वखारीत हमाल होता. पोती वाहून वाहून त्याचे खांदे बैलाच्या वशिंडासारखे झाले होते आणि मिशी हनुवटीच्याही खाली उतरली होती. वखारीचे मालक मारुतीराव गावातल्या लहानसहान दुकानदारांना अडीनडीला पैसे द्यायचे. ते पैसे थकले की मालक भरमाला पाठवायचे. भरमा जाऊन त्या माणसाच्या कट्ट्यावर बसायचा, बस्स. जाणारा-येणारा बघायचा. शेजारणी दारात येऊन उगीच तांदूळ निवडायच्या. घरधनी आतून एकदा डोकवायचा, दोनदा डोकवायचा, आणि मग अब्रू जाण्यापेक्षा पैसे गेलेले बरे म्हणून बाहेर यायचा.

पुढं एका वकिलानं त्याच्या नावानं बेळगावच्या कचेरीत रीतसर नोंदणी करून दिली. 'भरमाप्पा वसुली एजन्सी.' दारावर पत्र्याची पाटी लागली. भरमाला अक्षर ओळखता येत नव्हतं, त्यामुळं पाटी सुलटी कुठली हे तो वरच्या बाजूच्या खिळ्यांच्या भोकांवरून ठरवायचा. एकदा रंगाऱ्यानं खालीही भोकं पाडली आणि आठवडाभर एजन्सी उलटी टांगलेली होती. कुणी काही बोललं नाही. गल्लीत वाचता येणारी माणसंच कमी, आणि ज्यांना येत होतं त्यांना भरमाला सांगायची छाती नव्हती.

नोंदणीची मुदत संपत आली तशी बेळगावहून कन्नडमध्ये पत्रं यायला लागली. दुसऱ्याच्या दारात जाऊन आठवण देणाऱ्या भरमाला आपल्या दारात आलेली आठवण कळली नाही. त्याच्या बायकोनं, शेवंताबाईनं, ती पत्रं लोणच्याच्या बरण्यांवर दोऱ्यानं बांधली. कागद जाड होता, असं ती पुढं कितीतरी दिवस सांगायची.

मग एक दिवस मारुतीरावांनी त्याला वखारीत बोलावून घेतलं. "भरमा, तुझी नोंदणी रद्द झालीय म्हणं. बिननोंदणीचा माणूस मी वसुलीला पाठवला तर उद्या मलाच कोर्टात उभं करतील. पाडव्यापर्यंत कागद ताजा करून आण. न्हायतर बेळगावची एक पार्टी हाय. जीपमधून फिरतात ते."

"जीपमधून?" भरमा म्हणाला. "जीपमध्ये बसून वसुली होती व्हय, मालक? बसायचं ते कट्ट्यावर. चार दिवसांत कागद आणतो."

दुसऱ्या दिवशी तो धुतलेलं धोतर नेसून बेळगावच्या एस.टी.त बसला. जाता जाता मष्णूच्या टपरीवर चहा प्याला. मष्णू त्याच्याबरोबर वखारीत पोती वाहिलेला गडी. कंबर धरली म्हणून त्यानं मारुतीरावांकडून पैसे घेऊन चहाची टपरी टाकली होती. त्याचीही बाकी थकली होती. आजवर भरमानं ती आडवळणानं टाळत आणली होती.

"बरोबर कुणाला तरी शिकलेल्याला घेऊन जा की रं," मष्णू म्हणाला.

"कशाला? मला कन्नड येतंय."

तेवढं त्यानं ऐकलं असतं तर.

कचेरीतला कारकून धारवाडकडचा होता, स्वभावानं फार चांगला. आपल्याला मराठी कळतं असं त्याला वाटायचं, आणि आपल्याला कन्नड येतं असं भरमाला वाटायचं. दोघांचंही अर्धं अर्धं खरं होतं. भरमाची जुनी फाइल मागवली तर वाळवीनं खाऊन तिची भुकटी झालेली. म्हणून कारकुनानं नवा कागद घेतला आणि काय काम आहे ते तोंडी विचारलं.

कन्नडमध्ये कर्जाला 'साला' म्हणतात. भरमा हात जोडून म्हणाला, "नम्म साला री. सत्तोग्याद. मत्त जीवंत माडरी." म्हणजे आमचं कर्जाचं काम मेलंय, ते पुन्हा जिवंत करा.

आता धारवाडकडं शाळेला 'साली' म्हणतात. निपाणीकडची मराठी माणसं शाळेला 'साळा' म्हणतात हेही त्या कारकुनाला ठाऊक होतं. हा म्हातारा गडी माझ्यासाठी कन्नडात बोलायची धडपड करतोय आणि एक शब्द तेवढा मराठी राहिलाय, असं त्याला वाटलं. त्यानं मायेनं विचारलं, "साली?"

भरमानं मनात म्हटलं, धारवाडकडं असंच म्हणत असतील. साहेबाचं कशाला दुरुस्त करा? "हौदरी, साली."

"हुडगुरो, दोड्ड मंदीयो?" मुलांसाठी की मोठ्या माणसांसाठी, असं कारकुनानं विचारलं.

भरमाला हसू आलं. मुलं कुठं कर्ज काढतात? "दोड्ड मंदी री."

केव्हा चालतं, असं कारकुनानं विचारलं. "संजीक," भरमा म्हणाला. संध्याकाळी. माणूस घरात सापडतो तेव्हा.

शेवटी कारकुनानं लेखणी थांबवली. "पाठ चलो कलस्तीरेन्री?"

धडा चांगला शिकवता ना? भरमानं मिशीवरून हात फिरवला. एवढा वेळ या प्रश्नाचीच वाट बघत होता तो. "असा पाठ कलस्तेन री," तो म्हणाला, "जन्मभर मरंगिल्ल." असा धडा शिकवतो की जन्मात विसरत नाहीत.

कारकुनाच्या डोळ्यांत पाणीच यायचं राहिलं. आणीबाणी उठून गेली होती आणि सरकारला मोठ्या माणसांना अक्षरं शिकवायची नवी घाई झाली होती. वरून कागदावर कागद येत होते, शाळा चालवायला माणूस मिळत नव्हता, आणि इथं एक म्हातारा आपली मेलेली शाळा जिवंत करा म्हणून हात जोडून उभा! त्यानं भरमाचा अंगठा घेतला, शिक्का मारला आणि कागदाची एक प्रत प्रौढ शिक्षणाच्या साहेबाकडं पाठवून दिली. भरमानं खडेबाजारातून शेवंताबाईला पावशेर कुंदा घेतला आणि छाती काढून घरी आला. मारुतीरावांनी गडबडीत नुसता शिक्का बघितला. "झकास," ते म्हणाले.

पंधरवड्यानं दारात सरकारी टेम्पो उभा राहिला. दोन गड्यांनी फळा उतरवला. मग पाट्यांचे गठ्ठे, खडूच्या पेट्या, पुस्तकं आणि कंदील. ड्रायव्हरनं भरमाचा अंगठा घेतला आणि तो गेला.

शेवंताबाई पदर खोचून बाहेर आली. ढीग बघून तिचा चेहरा उतरला. "अवो, कुणाकडनं उचलून आणलंसा हे?"

"मी न्हाय आणलं."

"भांडी आणलीसा, शिवणाचं मशीन आणलंसा, मी कधी बोलले न्हाय. पर लेकरांच्या पाट्या? कुठल्या साळंची बाकी थकली होती एवढी?"

 भरमा बेळगावचा कागद घेऊन पलीकडच्या गल्लीत सुनंदाबाईंकडं गेला. सुनंदाबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या नवऱ्याच्या आजारपणात रेडिओचे हप्ते थकले होते, तेव्हा भरमा एक संध्याकाळ त्यांच्या पायरीवर बसला होता. त्याला बघताच बाईंनी आधी दाराची कडी धरली.

"बसायला न्हाय आलो, बाई. एवढं वाचून द्या."

बाईंना कन्नड वाचता येत होतं. त्यांनी कागद वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. "भरमाप्पा, तुमची संध्याकाळची शाळा सुरू झालीय. प्रौढांसाठी. चालक तुम्ही."

"आणि मास्तर?"

"तेही तुम्हीच."

सुनंदाबाईंनी हसू दाबायला कागद तोंडापुढं धरला.

भरमा दुसऱ्या एस.टी.नं परत बेळगावात. या खेपेला बरोबर सुनंदाबाई होत्या. कारकुनाला सगळं समजावून सांगितल्यावर तो बिचारा दोन्ही हातांत डोकं धरून बसला. चूक खोडता येत नव्हती. शाळा नव्हतीच म्हणावं तर सरकारी पाट्या आणि कंदील कुणी घेतले, असा प्रश्न येणार, आणि भरमाच्या अंगठ्याखाली ते सगळं लिहिलेलं. एकच वाट होती. शाळा चालवून दाखवायची, तपासणी होऊ द्यायची, मग बंद करून माल परत करायचा आणि मग एजन्सीची नोंदणी पुन्हा मिळायची. तोवर मात्र वसुली बंद. बिननोंदणीचा एक पैसा घेतला तर गुन्हा.

"पाडव्यापर्यंत हुईल?" भरमानं विचारलं.

"लगेच सुरू केलीत तर," कारकून म्हणाला.

परतीच्या एस.टी.नं संकेश्वर मागं टाकलं. मग भरमा म्हणाला, "बाई, तुम्ही शिकवाल?"

"शिकवीन. पण तुम्ही माझ्या पायरीवर बसला होता ना? आता मी सांगेन तिथं बसायचं. पहिल्या रांगेत. पाटी घेऊन."

शिकवणारी मिळाली. शिकणारी माणसं कुठून आणायची? भरमाची ओळख फक्त बाकीदारांशी. तो संध्याकाळी पहिल्या घरी गेला आणि सवयीनं कट्ट्यावर टेकला. आतला माणूस परसदारानं पळाला. दुसऱ्या घरी गेला, तिथली म्हातारी, तानीबाई, आधीच गाठोडं सोडत बाहेर आली. "हे घे बाबा. आणि ऊठ."

"पैसं नकोत मावशी," भरमा म्हणाला.

तानीबाईच्या हातातलं गाठोडं खाली पडलं. "नकोत? मग काय नेणार? म्हस?"

"साळंत या म्हणून सांगायला आलोय."

म्हातारीनं आत बघून सुनेला हाक मारली. "अगं, भरमाला बघ काय झालंय, बरळाय लागलाय."

असं दहा घरी झालं. ज्यांना आजवर बसून बसून घाम फोडला ती माणसं आता आपणहून पैसे पुढं करत होती, आणि भरमा दोन्ही हात मागं बांधून उभा. इतकी सोपी वसुली त्याच्या जन्मात आली नव्हती आणि त्याला एक रुपया घेता येत नव्हता.

शेवटी तो मष्णूच्या टपरीवर आला. मष्णूनं सगळं ऐकलं आणि किटली खाली ठेवली.

"म्हंजे जवर साळा चालती तवर तू बाकी मागणार न्हाईस?"

"मागता येत न्हाय," भरमा म्हणाला.

"आणि साळंत जो येईल त्याची?"

भरमा बोलला नाही. न बोलण्यावरच त्यानं आयुष्य काढलं होतं. साळंत या नाहीतर येऊ नका, बाकी कुणाचीच मागता येत नाही, आणि पाडव्यानंतर ती सगळ्यांचीच मागणार, एवढं सांगायला एक घोट चहासुद्धा लागला नसता. तो त्यानं गिळला. मष्णूनं त्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गिऱ्हाइकांना सांगून टाकलं. भरमाच्या साळंत जो बसेल, त्याच्या कट्ट्यावर भरमा बसणार नाही.

शाळा भरली. नुसती भरली नाही, दाटली. ज्यांचं काही देणं नव्हतं तीही दोन माणसं पुढची सोय म्हणून येऊन बसली. भरमाच्या अंगणात कंदील लागले आणि सुनंदाबाई छडी न घेता सगळ्यांना छडीसारख्या बोलू लागल्या. पहिल्या रांगेत भरमा, पाटी मांडीवर, जीभ बाहेर. पोती उचलणाऱ्या त्या बोटांत खडू टिकत नव्हता. तीन खडू मोडले तेव्हा 'अ' झाला.

"मास्तर," मष्णू मागून म्हणाला, "तुमचा अ आडवा पडलाय. उचला की त्याला, पोतं उचलल्यागत."

सगळं अंगण हसलं. भरमाकडं बघून माणसं हसतात, हे त्यानं पहिल्यांदाच बघितलं. त्याला राग आला नाही. उलट तो अ त्यानं पुसला आणि पुन्हा काढला.

हळूहळू एक गोष्ट झाली, तिचा हिशेब कुणी धरला नव्हता. माणसं भरमाला मास्तर म्हणू लागली, आधी थट्टेनं आणि मग सवयीनं. तानीबाई पाटीवर आपलं नाव काढून त्याला दाखवायला आली आणि जाताना लसणाची चटणी ठेवून गेली. मष्णूनं टपरीवर चहाला बोलावून पैसे घेतले नाहीत. शेवंताबाई स्वयंपाकघरातून ऐकून ऐकून नवऱ्याच्या पुढं गेली. एका संध्याकाळी ती बरणीवरचा कागद सोडून बघायला लागली आणि म्हणाली, "हे कन्नड दिसतंय. म्हणून तुमास्नी कळलं न्हाय."

"मराठी असतं तरी कुठं कळलं असतं?" भरमा म्हणाला.

कितीदा त्याच्या मनात आलं की माणसांना खरं सांगून टाकावं. रोज संध्याकाळी यायचं आणि रोज कंदिलाच्या काचा पुसण्यात राहून जायचं. एकदा सांगितलं आणि अंगण रिकामं झालं तर? तपासणीला साहेब काय, रिकाम्या पाट्या बघणार? आधी तपासणी होऊ दे, मग सांगू.

तपासणीचे साहेब आले ते नेमके सुनंदाबाईंना ताप भरला त्या दिवशी. साहेबांनी कागद उघडला. "इथले गुरुजी भरमाप्पा कोण?"

सगळ्या अंगणानं भरमाकडं बोट केलं.

"गुरुजी, फळ्यावर काहीतरी लिहून दाखवा. आणि विद्यार्थ्यांकडून वाचून घ्या."

भरमा उठला. फळ्यापर्यंतची ती चार पावलं टाकताना शिकलेलं सगळं डोक्यातून गळून गेलं. एकच शब्द राहिला. तो त्यानं लिहिला, मोठा आणि सरळ.

'बसा.'

साहेब आले म्हणून उभी राहिलेली सगळी माणसं वाचून धाडकन खाली बसली. साहेबही बसले. वहीत त्यांनी लिहिलं की वाचन चांगलं, शिस्त उत्तम. जाताना त्यांनी मष्णूला विचारलं, "या वयात इतकं लवकर कसं शिकलात?"

"मास्तरांनी आमास्नी मोकळं केलं, साहेब," मष्णू म्हणाला. "डोक्यावर काय नसलं की ध्यानात ऱ्हातंय."

भरमा फळा पुसत होता. तो बराच वेळ पुसत राहिला.

पाडव्याच्या आधी शाळा बंद झाली. टेम्पो पाट्या घेऊन गेला. तानीबाईला पाटी सोडवेना. ड्रायव्हर म्हणाला, एक फुटलीय असं लिहितो. कारकुनानं एजन्सीचा कागद हातात दिला. देताना म्हणाला की इतकी चांगली साली बंद करून हा कागद मागणारा माणूस त्यानं पहिल्यांदाच बघितला. भरमाला ते सगळं कन्नड समजलं.

घरी येऊन त्यानं शाळेपायी उतरवून ठेवलेली पत्र्याची पाटी पुन्हा दाराला टांगली. पूर्वी गल्लीला ती म्हणजे नुसता रंगवलेला पत्रा होती. आता येणारा-जाणारा थांबायचा, ओठ हलवायचा, 'व, सु, ली' असं लावायचा आणि पुढं जायचा. मास्तर म्हणून हाक न मारता. तानीबाईनं ती पूर्ण वाचली, शेवटचा 'एजन्सी' सुद्धा, आणि घरी जाऊन दार लावून घेतलं.

मारुतीराव मात्र खूश झाले. कागद बघून म्हणाले, "आता पहिल्यांदा मष्णूकडं जा. त्याचं फार दिवस ऱ्हायलंय. तेवढं आणलंस तर जीपवाल्यास्नी मी नको म्हणून सांगतो. न्हाय आणलंस तर मात्र माझा इलाज न्हाय."

"मष्णूचं शेवटी घेऊ की, मालक."

"आधी मष्णू."

भरमा दुपारी टपरीवर गेला. टपरीला फळ्या लावलेल्या होत्या. चुलीचा धूर मात्र वरच्या फटीतून येत होता आणि आत कपबशी वाजत होती. समोरच्या फळीवर खडूनं लिहिलेलं होतं. अक्षर गोल, नीट, दोन शब्दांत सारखं अंतर ठेवलेलं, सुनंदाबाईंनी शिकवलं होतं तसं.

'मास्तर उदया या.'

बाकड्यावर बसून भरमानं ते एक एक अक्षर लावून वाचलं. गावात कुणाच्या मदतीशिवाय पुरतं वाचलेलं ते त्याचं पहिलं वाक्य. 'उद्या या' हे शब्द त्यानं वीस वर्षं कानानं ऐकले होते आणि त्यांच्यावर विश्वास ठेवला नव्हता.

फळीच्या आडून मष्णूचा आवाज आला. "बरोबर हाय का?"

"द ला या जोडायचा ऱ्हायलाय," भरमा म्हणाला.

आत कपबशी खाली ठेवल्याचा आवाज झाला. "मग जोडा की. खडू फटीत ठेवलाय."

भरमानं उठून फटीतला खडू घेतला. अंगठ्यानं तेवढंच पुसलं आणि द्या काढला. मग खडू होता तिथं ठेवला.

"मष्ण्या," तो म्हणाला, "मी त्या दिवशी बोलायला पायजे होतं."

"व्हय," आतून आवाज आला. "पायजे होतं."

 भरमा वखारीकडं चालू लागला. मारुतीराव दारातच उभे होते. त्यांनी रिकामे हात बघितले.

"काय झालं? नव्हता व्हय?"

"होता."

"मग काय म्हणला?"

"उद्या या."

"आणि तू लगेच उठून आलास?" मारुतीरावांचा विश्वास बसेना. "तू, भरमा?"

भरमानं बोटाला लागलेला खडू धोतराला पुसला.

"तोंडी म्हणला असता तर बसलो असतो, मालक. लिवून ठेवलंतं त्यानं."